फोडांच्या वॉर्डातला मंगळवार

सकाळी ७.१५

पेम्फिगसच्या रुग्णाचा दिवस राउंडने सुरू होत नाही, ड्रेसिंगने होतो. रात्रभर झोपून पाठ चादरीला चिकटलेली असते. चादर ओढायची नाही हा पहिला नियम. नव्या रेसिडेंटला औषधांच्या मात्रांआधी मी हे शिकवते. सलाइन थोडं थोडं ओतायचं, कापड भिजू द्यायचं आणि बोटभर बोटभर सोडवायचं. सात नंबरच्या खाटेवरच्या ताईंना आज पाऊण तास लागला. त्या ओरडत नाहीत, फक्त खाटेचा गज घट्ट धरून ठेवतात.

फोड मोठा असेल तर सुईने आतलं पाणी काढतो, पण वरचं कातडं काढत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या कातडीइतकी चांगली पट्टी बाजारात मिळत नाही. उघड्या जखमांवर व्हॅसलिनची जाळी घालतो आणि पाठीखाली निर्जंतुक केलेलं केळीचं पान. पान गुळगुळीत असतं, गार लागतं आणि जखमेला चिकटत नाही. बाहेरून आलेले विद्यार्थी हे पाहून गालात हसतात. त्यांना मी सांगते की शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर हेच पान वापरून रीतसर अभ्यास केला आणि तो २००३ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. परवडतं म्हणून वापरतो हे खरं, पण तेवढंच खरं नाही.

८.३०

राउंड. ताई चाळिशीच्या पुढच्या, घरची शेती, कांदा आणि थोडा ऊस. (रुग्णांच्या ओळखी पटू नयेत एवढा फेरफार मी इथे केला आहे.) आजार तीन वर्षांचा. सुरुवात तोंडातून झाली, मग छाती, पाठ, टाळू.

पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना धरून असतात, ते डेस्मोग्लिन नावाच्या प्रथिनांमुळे. या आजारात शरीरातल्या बी पेशी त्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. पकड सुटते, पेशी सुट्या होतात, मधे पाणी भरतं आणि फोड येतो. तोंडाच्या आतल्या आवरणाची भिस्त प्रामुख्याने डेस्मोग्लिन ३ वर, म्हणून बहुतेकांचं तोंड आधी सोलतं. या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात हे १९६४ साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी दाखवलं. तोवर दोषी कोण ते कळत नव्हतं, फक्त फोड दिसत. हा आजार संसर्गजन्य नाही. तरीही ताईंचं ताट-वाटी घरात वर्षभर वेगळी होती.

१९५० च्या दशकात स्टिरॉइड्स आली, त्याआधी हा आजार झालेले बहुतेक रुग्ण दगावत. स्टिरॉइडने जीव वाचू लागले, पण रोज चढ्या मात्रेत घेतलेलं स्टिरॉइड हाडं, साखर, डोळे सगळ्यांचा हिशेब वसूल करतं. त्यातून आपल्याकडे एक वाट निघाली. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात पल्स उपचार रूढ केला. दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि मधल्या दिवसांत त्याचीच छोटी गोळी. देशभरच्या सरकारी रुग्णालयांनी या उपचारावर असंख्य रुग्ण जगवले. ताईंचेही पल्स चालू होते. पण कांदा काढणीला मजूर मिळेना, दोन पल्स चुकले आणि आजार परतला. त्यांना रागावणाऱ्या रेसिडेंटला मी बाजूला घेतलं. अठ्ठावीस दिवसांचं वेळापत्रक शेतीला कळत नाही.

९.४५

ओपीडी. केसपेपरांची चळत. नायटा, नायटा, खरूज, मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावून चिघळलेला नायटा.

त्यात एसटीतले एक कंडक्टर. चार महिने तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स झालं, तोंडात लावायची जेल झाली, उष्णतेवर सब्जा झाला, एक दाढही काढून झाली. चार महिन्यांत कुणी अंगावरचा शर्ट काढायला सांगितला नव्हता. काढला तर पाठीवर रुपयाएवढ्या दोन ओल्या जखमा. जखमेशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून सरकवला तर वरचा पापुद्रा सरकला. निकोल्स्की या रशियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलेली ही खूण आजही एका अंगठ्यात निम्मं निदान करून देते. तळाशी खरवडून काचपट्टीवर घेतलं, जिम्सा रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली सुट्या, गोल झालेल्या पेशी. बायोप्सीचे दोन तुकडे घेतले, एक नेहमीच्या तपासणीला आणि एक प्रतिपिंडं शोधण्याच्या तपासणीला. दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही, टाकला की तपासणी वाया जाते. तालुक्याहून येणारे कितीतरी तुकडे असेच वाया गेलेले असतात.

११.००

चार नंबरच्या खाटेवर रिटक्सिमॅब सुरू. हे औषध बी पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी २० या खुणेला धरतं आणि त्या पेशी संपवतं. पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी इंजेक्शन, स्टिरॉइड आधी देऊन झालं. तासाला ५० मिलिग्रॅमच्या गतीने सुरू करायचं, दर अर्ध्या तासाने ५० ने वाढवायचं, प्रत्येक वेळी रक्तदाब. एक ग्रॅम आत जायला चार तासांहून जास्त लागतात. पंधरा दिवसांनी दुसरा ग्रॅम. सिस्टर म्हणतात, या औषधात नाट्य काहीच नाही, नुसतं बसून पाहायचं. अगदी खरं.

१.१०

ताईंचा मुलगा दाराशी उभा. तालुक्याच्या गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. हातात गुळगुळीत कागदाचं रंगीत माहितीपत्रक.

"मॅडम, पाच मिनिटं बोलू का?"

माहितीपत्रक एका खासगी स्टेम सेल क्लिनिकचं. नाव सांगत नाही, अशी बरीच आहेत. पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी सलाइनमधून परत द्यायच्या. "तुमच्याच पेशी, म्हणून दुष्परिणाम शून्य." खाली आजारांची यादी होती: गुडघेदुखी, मधुमेह, स्वमग्नता, पक्षाघात, आणि कुणीतरी पेनाने लिहिलेलं पेम्फिगस. साडेचार लाख, निम्मे आगाऊ. एक एकर विकायचं घरात ठरत आलं होतं.

अशा वेळी डॉक्टर खेकसतात. मीही खेकसले आहे आणि त्याचा उपयोग शून्य असतो. माणूस मान हलवतो आणि सरळ क्लिनिकला जातो. हा मुलगा रात्र रात्र वाचत बसलेला होता, त्याला मूर्ख समजण्याचं कारण नव्हतं. त्याने आधी फोनवर एक बातमी दाखवली. जर्मनीतल्या सात वर्षांच्या मुलाची जवळजवळ सगळी कातडी स्टेम सेलपासून तयार करून बदलली. "हे खोटं आहे का?"

खोटं नाही. २०१५ साली बोखुमच्या रुग्णालयात ते घडलं, इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने प्रयोगशाळेत कातडी वाढवून दिली, आणि २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. सुमारे ८० टक्के त्वचा बदलली होती. पण त्या मुलाला एपिडर्मोलिसिस बुलोसा हा जन्मजात आजार होता. त्याच्या कातडीच्या पेशींमध्येच एक जनुक बिघडलेलं होतं. ते दुरुस्त करून नवी कातडी लावली आणि प्रश्न सुटला. "तुझ्या आईची कातडी निर्दोष आहे," मी म्हटलं. "नवी लावली तरी रक्तातली प्रतिपिंडं तिलाही सोलतील. दोन्हीकडे फोडच येतात, पण आजार दोन आहेत."

त्याने पुढचा कागद काढला. आजार रक्तातला असेल तर रक्ताच्या स्टेम सेल बदलता येतात ना? प्रश्न इतका बरोबर होता की मी खुर्ची पुढे ओढली.

येतात. रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण हा खरा उपचार आहे. आपल्या देशात त्याची सुरुवात मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली, रक्ताच्या कर्करोगासाठी. स्वतःवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या आजारांतही तो वापरून पाहिला गेला आहे. इंजेक्शनं देऊन मूळपेशी हाडांच्या पोकळीतून रक्तात आणायच्या, यंत्राने गोळा करायच्या, गोठवून ठेवायच्या. मग जबरदस्त मात्रेत केमोथेरपी देऊन जुनी, बिघडलेली प्रतिकारयंत्रणा पुसायची. आणि शेवटी ठेवलेल्या पेशी परत द्यायच्या, म्हणजे रक्त पुन्हा तयार होईल.

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे फॅक्टरी रिसेट. स्टेम सेल म्हणजे बॅकअप."

मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना हे समजावते आहे आणि इतकं नेमकं मला कधी सुचलं नाही. "बरोबर. आता सांग, आजार कशाने जातो? बॅकअपने?"

"नाही, फॉर्मॅट मारल्यावर जातो."

"मग या कागदात फॉर्मॅट कुठे लिहिलंय?"

त्याने माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. कुठेच नव्हतं. चरबीतल्या त्या पेशी तर रक्त तयार करणाऱ्या मूळपेशीही नव्हेत. त्या वेगळ्या जातीच्या. त्या दाह कमी करतात का यावर प्रयोग चालू आहेत, पण पेम्फिगस बरा करतात असं दाखवणारा पुरावा नाही. आणि दुष्परिणाम शून्य असं ज्या उपचाराबद्दल छापलेलं असतं, त्याबद्दल मला दोनच शक्यता दिसतात. तो मोजलेला नाही, किंवा तो काहीच करत नाही.

मग त्याने विचारलं ते मला अपेक्षित होतं. "तो खरा रिसेट तुम्ही का करत नाही?"

कारण पुसण्याची किंमत मोठी आहे. केमोनंतर दहा-पंधरा दिवस पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं, तिथे साधा जंतूही जिवावर बेततो. ताईंच्या पाठीची जेवढी कातडी उघडी आहे तेवढी दारं जंतूंना सताड. कातडी कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मावर युरोपात मोठी चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला. प्रत्यारोपणाच्या गटातल्या ७९ जणांपैकी ८ जण पहिल्याच वर्षात उपचारामुळे गेले. तरी लांब पल्ल्यात तोच गट सरस ठरला, कारण तो आजारच तसा जीवघेणा आणि दुसरं चांगलं औषध हाती नव्हतं. पेम्फिगसमध्ये आहे. चार नंबरच्या खाटेकडे बोट दाखवलं.

रिटक्सिमॅब बी पेशी पुसतं, पण त्या ज्यांच्यापासून तयार होतात त्या मूळपेशींवर सीडी २० ची खूण नसते, म्हणून त्यांना हात लागत नाही. सहा महिने ते वर्षभरात त्या नव्या बी पेशी घडवतात आणि पुष्कळ रुग्णांत त्या नव्या पेशी जुनी खोड विसरलेल्या असतात. म्हणजे ताईंच्या मूळपेशी कामाला लागतीलच. त्यासाठी त्या बाहेर काढायची, गोठवायची, विकत घ्यायची गरज नाही.

"मग तीन वर्षं का नाही दिलं?"

याला माझ्याकडे सोयीचं उत्तर नाही. औषध महाग होतं. हैदराबादच्या कंपनीने २००७ साली त्याची देशी आवृत्ती आणली तेव्हापासून किंमत उतरली, पण सरकारी वॉर्डात ते कायम हाताशी असतंच असं नाही. निधी, अर्ज, मंजुरी. पल्स स्वस्त, म्हणून आधी पल्स. साडेचार लाखांच्या थोड्याशाच भागात दोन्ही डोस बसतात हे ऐकून मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माहितीपत्रक छापायला क्लिनिककडे पैसे असतात, आमच्याकडे नसतात.

३.००

चार नंबरचं सलाइन संपत आलं. ताप नाही, थंडी नाही. डबा उघडला तर भाजी आंबलेली. चहा-बिस्किट.

३.४५

विभागातलं शोधनिबंध वाचन. योगायोग नाही, विषय मीच बदलायला लावला. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने अहमदाबादच्या किडनी संस्थेचा निबंध मांडला. पेम्फिगसच्या ११ रुग्णांना दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तमूळपेशी दिल्या होत्या, निबंध २०१२ साली इंडियन जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीत आला. निकाल उत्साहाचे. मुलं लगेच पुढे सरसावली.

मी एकच विचारलं, तुलनेला गट कुठे आहे? नाही. मग फोड बसले ते नेमकं कशामुळे, हे ठरवायचं कसं? निबंध टाकाऊ नाही. कुणीतरी धाडस करून नोंद ठेवली, हे आपल्याकडे दुर्मिळ. पण त्यानंतर इतकी वर्षं लोटली आणि त्यावर उभी राहिलेली मोठी तुलनात्मक चाचणी कुणी दाखवू शकलं नाही. त्याशेजारी फ्रान्समधली २०१७ ची रिटक्सिमॅबची चाचणी ठेवली. ९० रुग्ण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गट. दोन वर्षांनी औषधाशिवाय पूर्ण बरे असलेले रिटक्सिमॅबच्या गटात ८९ टक्के, नुसत्या स्टिरॉइडच्या गटात ३४. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्फिगससाठी त्याला मान्यता दिली.

एक मुलगी म्हणाली, मॅडम, मग पुढचं काय? पुढचं आहे, आणि ते मला स्टेम सेलपेक्षा जास्त खुणावतं. पेनसिल्व्हेनियात एमी पेन यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा टी पेशी तयार केल्या की त्यांच्या अंगावर डेस्मोग्लिन ३ चाच तुकडा बसवलेला. त्या तुकड्याकडे फक्त गुन्हेगार बी पेशी ओढल्या जातात आणि तिथेच मरतात. बाकीची प्रतिकारशक्ती शाबूत. उंदरांत जमलं, मग माणसांतल्या चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून कर्करोगासाठी घडवलेल्या सीएआर-टी पेशींना २०२३ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे असल्या पेशी घडवण्याचं तंत्र पवई-खारघरपर्यंत आलेलं आहे. पेम्फिगससाठी ते वापरायला वेळ लागेल. पण क्लिनिकवाले उद्या हाही शब्द माहितीपत्रकात छापतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

५.१०

रक्तविकार विभागातल्या मित्राला फोन. ताईंसाठी नव्हे, तत्त्वासाठी. सगळी औषधं करून थकलेला, तरुण, अंगावर जंतुसंसर्ग नसलेला रुग्ण आला तर प्रत्यारोपणाचा विचार करशील का?

"करीन. रिटक्सिमॅब किती वेळा देऊन झालं?"

"अजून एकदाही नाही."

"मग मला फोन कशाला केलास?"

५.३०

समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, अंदाजपत्रक, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, दोन ट्रस्टची पत्रं. दाखल्यावरच्या नावात एक वेलांटी चुकलेली. मुलगा म्हणाला, रात्री तलाठ्यांना गाठतो.

६.४५

संध्याकाळची फेरी. ताईंनी बीटामेथासोनची गोळी पाण्यात विरघळवून गुळण्या केल्या, मग थंड दूध आणि पातळ मऊभात. आज गिळताना कमी दुखलं म्हणाल्या. कावीळ बी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, सगळ्या तपासण्या पाठवल्या आहेत. कावीळ बी लपलेली असेल तर रिटक्सिमॅबने ती उसळते, म्हणून घाई नाही. त्यांना हेही सांगितलं की या औषधानेही आजार परतू शकतो, पुन्हा डोस लागू शकतो, संसर्गाची भीती राहते. त्या म्हणाल्या, "परतला तर परतला, पण रान ऱ्हाईल ना?" राहील.

९.३०

घरी हे लिहिताना वाचकांसाठी दोन गोष्टी. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर जेल बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि बायोप्सीला नाही म्हणू नका. पेम्फिगस जितका लवकर ओळखला जातो तितकं उपचारांना सोपं जातं.

आणि कुणी स्टेम सेल देऊ करत असेल तर त्याच्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे आणि ठरावीक आजार सोडले तर मूळपेशींचा वापर केवळ मान्यता घेतलेल्या चाचणीतच करता येतो. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सीटीआरआय सगळ्यांना खुली आहे, फोनवर पाहता येते. क्रमांक सापडला तर तो कागद घेऊन आमच्याकडे या, आपण मिळून वाचू. सापडला नाही तर पैसे देऊ नका. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.